‘प’ नसलेला पुकारा

“आँऊँअँ ओंऊ अअमऽऽ!”

ही आरोळी दवाखान्याच्या व्हरांड्यातून सुटली की मांडवीच्या बंदरात भरतीची वाट बघणाऱ्या होड्या आपणहून तोंड फिरवायच्या, असं मी आजवर निदान दोनशे लोकांना सांगितलं आहे आणि त्यातल्या चाळीस-पन्नासांनी ते खरं मानलं आहे. व्हरांड्यातल्या बाकांवर मात्र या आरोळीनं वेगळाच घोटाळा व्हायचा. एकदम चार माणसं उठायची. पांडुरंग धोंडू कदम उठायचा, कारण पुकारा त्याचा होता. पण त्याच्याबरोबर अनंत गोंधळेकरही उठायचा, आनंदीबाई उठायची, आणि एक ठार बहिरा म्हातारा उठायचा, कारण तीन माणसं उठली म्हणजे एस.टी. लागली असणार असा त्याचा हिशेब. मग चौघं डॉक्टरांच्या दारात एकमेकांना कोपरं मारायचे, आतून डॉक्टर म्हणायचे, “अरे, एकेक सोड”, आणि गणपत काताळे कपाळाला हात लावून तेच नाव पुन्हा ओरडायचा. पहिल्याहून मोठ्यानं. मोठ्यानं ओरडून ‘प’ येत नाही हे त्याला माहीत होतं. पण त्याच्याकडे मोठेपणाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी तेव्हा त्याच व्हरांड्याच्या टोकाला केसपेपरच्या खिडकीत बसायचो. ऐंशी सालानंतरची ती सहा-सात वर्षं. दवाखाना ट्रस्टचा, धर्मादाय. आता तिथे लॉज आहे आणि जिथे माझी खिडकी होती तिथे पर्यटकांना माशांचे भाव सांगणारी पाटी आहे. नाव, गाव, वय, तक्रार असं मी कागदावर लिहायचं, कागद गणपतकडे द्यायचा आणि गणपतनं तो पुकारायचा. गणपतला वाचता उत्तम यायचं. बोलता येत नव्हतं.

म्हणजे काय, तर तो वरचा ओठ चिरलेला जन्मला. ओठही आणि आत टाळूही. गुहागरकडचं गाव, आवस-बापूस मजूर. नऊ वर्षांचा असताना कुठलंसं शिबिर आलं. ओठ शिवला, फोटो काढला, हातावर पेढा ठेवला आणि घरी पाठवला. टाळू तशीच. “दार बसवलान, छप्पर इसारले,” असं गणपत म्हणायचा. “फोटोत दार येतं नाना, छप्पर येत नाय.” टाळू उघडी असली की तोंडात वारा कोंडत नाही, सगळा नाकावाटे पळतो. आणि वारा कोंडल्याशिवाय ‘प’ नाही, ‘ब’ नाही, ‘क’ नाही, ‘ट’ नाही. उरतात ती म, न, य, व, ह अशी मऊ मंडळी. एवढ्या सामानावर गणपतनं संसार मांडला होता. देवानं थट्टाही अशी की नाव दिलं गणपत धाकू काताळे. त्यातलं एक ‘ण’ सोडलं तर एक अक्षर त्याच्या मालकीचं नव्हतं.

म्हणून त्यानं लोकांनाच नवी नावं दिली. मेट्रनबाई त्याच्या ‘माई’, सर्जन ‘मामा’, ट्रस्टचे सेक्रेटरी ‘अण्णा’, ड्रेसर बशीर ‘मियां’. माझं नाव प्रभाकर. त्यात त्याच्या कामाचं काहीच नाही. म्हणून मी सव्विसाव्या वर्षी ‘नाना’ झालो. हळूहळू सगळा दवाखाना मला नाना म्हणायला लागला. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या मामानं विचारलं, “हे नाना म्हणजे मुलाचे वडील ना? मग मुलगा कुठाय?” हे मात्र अगदी खरं आहे. बायको साक्षीला आहे.

आणि हे आधीच सांगून ठेवतो, की गणपतची जी वाक्यं मी इथे लिहितो आहे त्यांतली अर्धी व्यंजनं माझ्या पदरची आहेत. त्याच्या तोंडून फक्त सूर यायचा, अक्षरं आपण घालायची. तीन महिने ऐकलं की जमायचं. सगळी तालुक्यातली नेहमीची माणसं शिकली होती. शंभर वेळा आलेला दमेकरी आपलं नाव बिनचूक ओळखायचा. नवख्याचे हाल.

असा माणूस पुकाऱ्याच्या जागेवर आला कसा, तर सेक्रेटरींच्या कृपेनं. गणपत आधी झाडूकाम करायचा. एके दिवशी कुणाचा तरी बैल दवाखान्याच्या बागेत शिरून मेट्रनबाईंची अबोली खात होता. गणपत व्हरांड्यातून एकदाच ओरडला. बैल जो उधळला तो भाट्याच्या खाडीपर्यंत थांबला नाही. तिथेही पाण्यात उभा राहून थरथरत होता. सेक्रेटरी अण्णासाहेब फाटकात उभे होते. म्हणाले, “हा आवाज केरसुणीवर वाया जातोय.” पुढच्या सभेत ठराव. सर्जन म्हणाले, अहो, त्याला बोलता येत नाही. अण्णासाहेब म्हणाले, “ठराव झालेला आहे.” आमच्या ट्रस्टमध्ये माणूस मेला तर उठेल, ठराव उठत नसे.

गणपतला कुणी खाताना पाहिलं नव्हतं. सात-आठ वर्षांत नाही. सगळे चहाला बसले की तो आपला कप घेऊन पाण्याच्या टाकीमागे जायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. काय पितो, कसा पितो, कळायचं नाही. परत यायचा तेव्हा मिशी धुतलेली. मिशी म्हणजे काय, केरसुणीच ती. ओठावरचा व्रण झाकायला ठेवलेली. टाकीमागे गेलेल्या गणपतला हाक मारायची नाही हा दवाखान्याचा अलिखित नियम होता. अण्णासाहेबसुद्धा पाळायचे.

तो नियम एका बाईनं मोडला. तिचं नाव चंद्रा.

देवरूखच्याही पुढे, डोंगरात तिचं गाव. नवरा मुंबईला कापडाच्या गिरणीत. सकाळच्या एस.टी.नं सासूबरोबर आली. पदराखाली तीन महिन्यांचं मूल, आणि पदर असा गच्च धरलेला की मला वाटलं, चोरीचा माल आणलाय. मी म्हटलं, “मुलाचं नाव?”

“नाय ठेवलं. बापूस शिमग्याला येल तेवा बारसं.”

“तक्रार?”

उत्तर सासूनं दिलं, ग्रहणावर खापर फोडत, “पोटुशी असताना गिराण पाळलान नाय. येळी घेऊन बसली व्हती भाजी चिरीत. मंग काय व्हनार.”

तेवढ्यात वारा आला, पदर सरकला. ओठ नाकापर्यंत उघडा. मूल कसलं, काडी. दूध ओढता येत नव्हतं, ओढलेलं नाकातून परत येत होतं. मुलगी होती.

गणपत माझ्या शेजारी कागदासाठी उभा होता. तो मुलीकडे बघत राहिला, आणि मग सासूला म्हणाला, “माझी आवस गिराणात झोपून व्हती म्हातारे. तापानं. येळीला हात नाय लावलान. मंग माझा कोनी चिरला?”

सासूला अक्षर कळलं नाही. चंद्राला कळलं. कसं ते मला सांगता येणार नाही. तिला तीन महिनेही लागले नाहीत.

सर्जनांनी बघितलं आणि सांगितलं, इतक्या हलक्या मुलाला भूल देता येत नाही. आधी वजन आणा. कसं आणायचं ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर साठ माणसं होती. चंद्रा व्हरांड्यात उभी राहिली. मग बघते तर गणपत चहा घेऊन टाकीमागे चालला होता. ती मागोमाग गेली. मी खिडकीतून मान वाकडी करकरून बघितलं; मान आठवडाभर तशीच राहिली.

गणपत भिंतीकडे वळला होता. ती मागे येऊन उभी राहिली. मग तो वळला, कप हातात घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

“हे बघ गो. आडवी धरून पाजायची नाय. उभी धरायची, माझ्यासारखी. घोट गालात सोडायचा, मधी नाय. थांबायचं. तिनं गिळला की दुसरा. चोचीचं बोंडलं हाय ना घरात? बोंडल्यानं.”

आणि त्यानं पिऊन दाखवलं. मान ताठ, घोट गालात, थोडा थांबला, गिळला. तरी दोन थेंब नाकातून आलेच. ते त्यानं पुसले नाहीत. तिला दिसू दिले.

“हे येनार. भियाचं नाय.”

मुलगी घेऊन ती निघाली तेव्हा गणपत फाटकापर्यंत गेला. “नाव मीना ठेव,” म्हणाला. “मीना नाकातनं गेलं तरी पोचतं.”

चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा मुलीच्या दंडाला वळी पडली होती. आणि योग असा, की त्याच आठवड्यात मुंबईची मंडळी आली. दोन दिवसांचं शिबिर. मोठे डॉक्टर स्वतः, भुलीचे डॉक्टर, दोन सिस्टर. हे मोठे डॉक्टर खरोखर मोठे होते. मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी चंद्राला बाकावर शेजारी बसवलं आणि माझ्या खिडकीतला कोरा कागद मागून घेऊन त्यावर चार चौकटी काढल्या. ओठ. टाळू. बोलणं. दात. “ओठ उद्या,” म्हणाले. “टाळू दीड वर्षाची झाली की. मग बोलायला शिकवणाऱ्या बाई येतील. मग दातांचे डॉक्टर. बाई, हे एकट्याचं काम नाही. याला टीम लागते. आणि चारही झाल्याशिवाय मी हिला सोडणार नाही.”

गणपत मागे उभा राहून ऐकत होता. नंतर मला म्हणाला, “नाना, टीम म्हंजे?”

“कबड्डीत असते ती.”

“सात?”

“इथे चार-पाच.”

“कॅप्टन कोन?”

“ते मोठे डॉक्टर.”

“ते तर परवा मुंबैला जातले.”

मी म्हटलं, “कॅप्टन पुष्कळदा मुंबईलाच असतो.” या माझ्या विनोदावर तो हसला नाही. त्यानं तो चार चौकटींचा कागद मागून घेतला आणि माझ्या खिडकीखाली खळ लावून चिकटवला.

ओठ सुरेख झाला. मोठ्या डॉक्टरांच्या हातात दैवी काहीतरी होतं. मी लोकांना सांगतो की टाक्यांवर माशी बसायला आली तीही लाजून परत गेली. टाके काढले त्या दिवशी गणपतनं पहिल्या चौकटीत माझ्या टाकानं बरोबरची खूण केली. चंद्रा म्हणाली, “भाऊ, मंग मीनाच ठेवू ना?”

गणपत कागदाकडे बघत राहिला. “तुझ्या मनात काय हाय?”

“माझ्या आजयेचं व्हतं. पार्वती.”

“मंग पार्वतीच ठेव.”

“पन तुमी म्हनलावता...”

“ते टीम नव्हती तवा. आता टीम हाय. ‘प’ येनार तिला.” आणि माझ्याकडे वळून, “नाना, लिव कागदावर. मोठं लिव. पार्वती.”

मी लिहिलं. इतकं मोठं लिहिलं की वयाला जागा उरली नाही.

यापुढचं मी जितकं वाढवून सांगावं तितकं कमीच आहे, आणि गंमत अशी की यात मी काही वाढवलेलं नाही. पार्वती दीड वर्षाची झाली तेव्हा शिबिर आलं, मोठे डॉक्टर आले, भुलीचे डॉक्टर आले नाहीत. त्यांची गाडी वाटेत घाटात बंद पडली. सहा महिन्यांनी भुलीचे डॉक्टर आले, मोठे डॉक्टर परदेशी. त्याच्या पुढच्या खेपेला दोघंही आले, पण लावणी सुरू. चंद्रा चिखलातून निघाली असती तर घरात वर्षाचा भात आला नसता, आणि तिला आणायला दवाखान्याची जीप मागितली तर जीप विश्वस्तांच्या घरचं लग्न पोचवायला गेलेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई एकदा आल्या, अगदी शहाण्या बाई. त्यांनी पार्वतीच्या नाकाखाली आरसा धरला, आरशावर वाफ आली. म्हणाल्या, “आधी टाळू. मग मी.” गावातले दातांचे डॉक्टर म्हणाले, आधी बोलू दे, मग मी. आमचे सर्जन म्हणाले, हे माझं कामच नाही, मुंबईवाल्यांचं. प्रत्येकाचं बरोबर होतं. गणपत म्हणाला, “चार खांदेकरी हायत नाना. चौघांची तोंडं चार दिशेला. मढं जागचं हालनार कसं?”

ती साडेतीन वर्षांची झाली. खिडकीखालचा कागद पिवळा पडला, झुरळांनी ‘दात’ची चौकट खाल्ली. आणि मग एका फेब्रुवारीत सगळे जमले. सर्जन, भूल, बोलण्याच्या बाई, दातवाले, झाडून सगळे. फक्त मोठ्या डॉक्टरांच्या जागी एक नवे डॉक्टर होते, घाटावरचे. गणपतनं दोन दिवसांची रजा टाकली. अकरा वर्षांतली पहिली. एस.टी.नं देवरूख, तिथून पुढे चालत. चंद्राला आणि पार्वतीला तो स्वतः घेऊन आला. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती आणि त्याची मिशी तिनं मुठीत धरली होती.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी दोनशे लोकांना सांगितलेली नाही.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना ट्रस्टतर्फे जेवण होतं. मला बोलावलं होतं, कारण मी जेवणात रंग भरतो अशी माझी ख्याती होती. सुरमई चांगली होती, पाहुणे मोकळे झाले होते, आणि मी सुटलो. घाटावरच्या नव्या डॉक्टरांना म्हटलं, “साहेब, आमच्याकडे उद्या सांभाळून. इथे सगळेच नाकात बोलतात. आमचे कावळेसुद्धा. मागे एक डॉक्टर आले होते, त्यांनी तपासायला चुकून पेशंटच्या बापालाच टेबलावर घेतला. बाप ओरडतोय, मी नव्हे, मी नव्हे, आणि डॉक्टर म्हणतायत, बघा, किती गेंगाणा आहे.” टेबल हसून हसून लोळलं. नव्या डॉक्टरांनी डोळे पुसले. मला दुसरी सुरमई वाढली.

दुसऱ्या दिवशी एका सकाळीत साठ मुलं. पार्वतीचा नंबर दुपारी एकला लागला. तपासायचं टेबल व्हरांड्यातच, माझ्या खिडकीपासून दोन हातांवर. डॉक्टरांनी ओठ बघितला. “वा,” म्हणाले. “कुणी केलाय? सुंदर.” मग बॅटरी घेऊन “आ कर” म्हणाले. साडेतीन वर्षांच्या मुलीनं दात घट्ट मिटले. सकाळपासून उपाशी होती, भुलीसाठी उपाशी ठेवलेली. पुन्हा “आ कर.” ती रडायला लागली. बॅटरी मंद होती. मागे रांग.

“बोलते का?”

“बोलती सायेब,” चंद्रा म्हणाली, “पन नाकात.”

डॉक्टर हसले. चांगले गृहस्थ होते. “अहो बाई, तुम्ही सगळेच इकडे नाकात बोलता. काल हे तुमचे केसपेपरवालेच सांगत होते.”

माझ्या खिडकीसमोर चाळीस माणसं उभी होती. मला उठता आलं असतं. ‘टाळू’ हा शब्द मला स्वच्छ येत होता. माझं तोंड ठीकठाक होतं, छप्परासकट. पण डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली, आणि मी सवयीनं हसलो.

गणपत उठला. पुकाऱ्याची जागा सोडून टेबलापाशी गेला. त्याला बोलताना मी पुष्कळदा ऐकलं होतं, पण असं सावकाश, एकेक अक्षर धरून, हात जोडून बोलताना कधी नाही. तो म्हणाला, “साहेब, टाळू बघा. टाळू फाटलेली आहे. एकदा बघा.”

म्हणजे तो हे म्हणाला हे मला माहीत आहे. आणि चंद्राला. बाहेर जे आलं ते असं होतं: “हाँएँ, आँऊँ वआँ. आँऊँ आँअँएँई आँहे.”

डॉक्टरांनी त्याच्या मिशीकडे बघितलं, खाकी कपड्याकडे बघितलं, बिल्ल्याकडे बघितलं. व्रण मिशीखाली होता. मग ते चंद्राला समजुतीनं म्हणाले, “बघा. हे इथे नोकरी करतात, यांचं काही अडलंय का? बोलीच तशी आहे तुमची.” आणि केसपेपरवर लिहिलं. तो कागद नंतर माझ्याकडेच आला, फायलीला लावायला. ओठ: उत्तम. बोलणं: प्रांताप्रमाणे. पुन्हा येण्याची गरज नाही.

गणपत टेबलापाशी तसाच उभा राहिला. त्यानं आपलं बोट आपल्या तोंडाकडे नेलं, मिशी वर करायला, आत दाखवायला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “पुढचा पुकारा”, आणि रांगेतल्या चाळीस माणसांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं बोट खाली घेतलं. पुढचा कागद घेतला आणि पुकारा केला. चार माणसं उठली.

त्या दिवसानंतर त्यानं मला नाना म्हटलं नाही. ‘प्रभाकर’ म्हणायला लागला. ज्यात त्याचं एकही अक्षर नव्हतं ते माझं खरं नाव तो रोज, सगळ्यांसमोर, घाम गाळून उच्चारायचा. “अआअ, आअँ.” प्रभाकर, कागद. बाकीचे हसायचे, म्हणायचे, अरे नाना म्हण की, सोपं आहे. तो ऐकायचा नाही. मी एकदा टाकीपर्यंत गेलो होतो त्याच्याशी बोलायला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी परत आलो.

मी मुंबईला दोन पत्रं लिहिली, मोठ्या डॉक्टरांच्या पत्त्यावर. ते तिथून गेले होते. दुसऱ्या कुणी उत्तर दिलं की सदर मुलीचं नाव बरे झालेल्यांच्या यादीत आहे, तरी नव्यानं नोंद करून आणावी. पार्वतीचा बापूस शिमग्याला आला तेव्हा गणपतनं त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं, मला बोलायला लावलं. मी सगळं सांगितलं. तो भला माणूस होता, मुंबईच्या खोलीत सोळा जण राहत होते, तिथे बायको-पोर नेऊन ठेवणार कुठे. म्हणाला, “दिसाया बरी झाली ना? लगीन व्हईल तिचं. पोरीला बोलून काय करायचंय?” गणपतनं खाली बघितलं. संध्याकाळी त्यानं खिडकीखालचा कागद काढायचा प्रयत्न केला. खळ पक्की होती. चौकटी भिंतीलाच राहिल्या, फक्त कडा फाटल्या.

शेवटचं बघितलं ते असं. दोन-अडीच वर्षांनी, पाऊस संपता संपता, चंद्रा मुलीला घेऊन आली. कान वाहत होता. टाळू उघडी असली की कान वाहतात, हे मला तोवर कळलं होतं. असल्या गोष्टी मला नेहमी तोवर कळलेल्या असतात. मुलगी आता सहा वर्षांची, नुकती शाळेत घातलेली. ओठावर केसाएवढी रेघ. इतकी देखणी की बाकावरच्या बायका वळून बघत होत्या. मी जुनी फाईल काढली, नवा कागद जोडला, गणपतकडे दिला.

त्यानं नाव वाचलं. मोठं लिहिलेलं होतं, माझ्याच हातचं. तो व्हरांड्याच्या मध्यावर गेला, छाती भरून घेतली आणि पुकारा केला. तसा पुकारा मी त्याच्याकडून पुन्हा ऐकला नाही. ‘प’ आणायला जेवढं म्हणून शरीरात असेल तेवढं त्यानं ओठांवर आणलं; मिशी थरथरली, मानेच्या शिरा वर आल्या.

“आऽऽवईई!”

कुणी उठलं नाही. मुलगी आईच्या मांडीला टेकून भिंतीवरची पाल बघत होती.

गणपत तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. कागद तिच्यापुढे धरला, नावावर बोट ठेवलं. ती त्याच्या मिशीकडे बघत होती. त्यानं विचारलं, “नाव काय गो तुझं?”

“मीना,” ती म्हणाली.

स्वच्छ म्हणाली. ‘म’ही स्वच्छ, ‘न’ही स्वच्छ. नाकातून आलं, पण पोचलं.

गणपत उठला, कागद माझ्या खिडकीत ठेवला, आणि पाण्याच्या टाकीमागे गेला. चहाची वेळ नव्हती. हातात कपही नव्हता. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, खाकी, मधोमध घामानं काळी झालेली.

मला कागद पुढे पाठवायचा होता. डॉक्टर आतून म्हणत होते, “पाठव रे.” मी टाक उचलला आणि चंद्राला विचारलं, पार्वती खोडू का, शाळेत काय लावलंय, काय लिहायचं.

ती म्हणाली, “मीना लिवा. तेवढं येतं तिला.”